धुऱ्यावर तिच्या मागे

नागपूरला समुपदेशन शिकले तेव्हा आम्हाला आधी खुर्च्या मांडायला शिकवलं. दोन खुर्च्या, अगदी समोरासमोर नाही, जराशा तिरप्या. मध्ये टेबल नको. आपण किंचित पुढं झुकायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, पण रोखून नाही. मी हे इतकं मन लावून शिकले होते की वर्गात माझं उदाहरण द्यायचे. मग गोंदियाला नोकरी लागली, आठवड्यातून एक दिवस गोरेगावकडच्या एका दवाखान्यात जाऊन बसायचं ठरलं, आणि पहिल्याच दिवशी कळलं की माझ्या वाटणीला खुर्चीच नाही.

मला मिळालेल्या खोलीत आधी फिनाइलचे डबे ठेवत असत, आणि डबे गेले तरी वास गेला नव्हता. भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. येणारी बाई त्यावर बसायची आणि तिच्याच शेजारी मी. दोघींच्या समोर भिंत, भिंतीवर पोलिओच्या डोसाचं पोस्टर. पहिले काही आठवडे मी नुसती चडफडत होते. साहेबांकडे खुर्च्या मागितल्या, ते "बघू" म्हणाले. आणि मग हळूहळू माझ्या ध्यानात आलं की बायका बोलतायत. पोस्टरकडे बघत, नखानं बाकाचा रंग खरवडत, घरी सात कड्या लावून ठेवलेल्या गोष्टी सांगतायत. आमच्याकडे समोरासमोर बसून बोलायचे प्रसंग दोनच, भांडण आणि मुलगी बघणं. बाकी सगळं बोलणं शेजारी बसून होतं, धान्य निवडताना, शेंगा सोलताना, एसटीची वाट बघताना. पुढं खुर्च्या आल्या त्या मी नर्सबाईंना देऊन टाकल्या.

"मला दुःख झालंय" असं म्हणत माझ्याकडे कधी कुणी आलं नाही. डोकं दुखून राहिलं, हातापायाला मुंग्या येऊन राहिल्या, छातीत धडधडते, अन्न गोड लागत नाही, असं सांगत लोक येतात. मीही पहिला प्रश्न त्रासाचा विचारत नाही. कोणत्या बसनं आल्या, बसायला जागा मिळाली का, सोबत कोण आलं, असं विचारते. त्यात अर्धं घर कळतं आणि माणसाला आपण चौकशीला बसलोय असं वाटत नाही. उरलेलं अर्धं घर कळायला कितीही वेळ लागो, मी घाई करत नाही. तशी मी फार सोशिक बाई नाही, हे घरचे सांगतील. भाजीवाला किडकी वांगी खाली दडपून देतो म्हणून मी त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडते आहे. गोंदियाला आमच्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्यानं एकदा विचारलं होतं, "मॅडम, आप पागलों की डॉक्टर हो ना?" मी म्हटलं, "हां भैया, इसीलिए तो इस मोहल्ले में घर लिया है." त्यानंतर त्यानं कधी विचारलं नाही. सोशिकपणा माझा सगळा त्या बाकावर संपतो.

सांगायची आहे ती गोष्ट दोन हजार पाचच्या आगेमागे घडली. भादवा अर्धा सरला होता. बाजाराचा दिवस होता, म्हणून दवाखान्यात गर्दी होती. खोलीत आधी सासू शिरली, हातात रिकामी थैली, पदर कमरेला खोचलेला. तिच्या मागून सून आली. सून विशी-बाविशीची असेल. ती बाकाच्या अगदी टोकाला टेकली, म्हणजे उठायला सोपं जावं अशी.

"हिले पाहा जी, मॅडम," सासू उभ्यानंच म्हणाली. "धुऱ्याधुऱ्यानं फिरून राहते."

धुरा म्हणजे धानाच्या दोन बांध्यांमधला, दोन भातखाचरांमधला, मातीचा बांध. सून सकाळी चुलीपासून उठली की निघते आणि शेतांच्या धुऱ्यांवरून चालत राहते. दुपारी येते, पुन्हा जाते. सांज व्हायला लागली की कुणीतरी हाताला धरून आणावं लागतं.

"भात करपला तरी ध्यान नाई तिचं," सासू म्हणाली. "बोलाव तं बोलत नाई. गावातले लोक मले विचारून राहिले, सुनेले बाहेरचं लागलं का म्हनून. पुजाऱ्याकडं नेलं, लिंबू उतरवलं. मोठ्या डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या देल्या, तं झोपते, अन् उठली का चालली. आता तुमीच राहिल्या."

"आणि मी पण हरले तर?"

"तं मंग धान निंगालं का हिच्या मायघरी नेऊन सोडतो. तिचा बाप पाहीन अन् ती पाहीन."

सुनेसमोर हे बोलणं झालं. सुनेनं मान वर केली नाही. मी सासूला म्हटलं, "मावशी, तुम्ही बाजार करून या, आम्ही दोघी बसतो." तिला ते पटलं नाही, पण बाजार तिलाही करायचाच होता.

त्या दिवशी आम्ही दोघी बसलो आणि सून एक शब्द बोलली नाही. कोणत्या बसनं आली, ते नाही सांगितलं. जेवली का, ते नाही सांगितलं. मीही मग गप्प बसले. गप्प बसणं वाटतं तितकं सोपं नसतं. आपण वाट बघतोय हे समोरच्याला जाणवलं तर ती गप्प राहून जास्त दमते, म्हणून वाट न बघता बसावं लागतं. एवढं मात्र मला दिसलं की ती समोरच्या भिंतीकडे बघत नव्हती. तिची नजर फरशीवर होती, आणि चुकून वर गेली की पुन्हा पटकन खाली येत होती.

पुढच्या आठवड्यात मी सासूला एकटीला आधी बोलावलं. तेव्हा कळलं. जेठाच्या शेवटी सुनेला मुलगा झाला होता. बारसं व्हायच्या आत एका सकाळी त्याचे हातपाय गार पडले आणि दवाखान्यात न्यायच्या आधीच तो गेला. बाप आणि आजोबा त्याला घेऊन गेले आणि पुरून आले. आमच्याकडे एवढ्या लहान जिवाला मातीतच ठेवतात.

"गेलं ते गेलं," सासू म्हणाली. "वय हाय तिचं, दुसरं होईन. मी झबले, दुपटे, पारन्याची दोरी, समदं त्याच दिवशी उचलून ठेवलं. तिच्या डोऱ्यासमोर येऊ नाई म्हनून. तिले मी हंडा उचलू देत नाई, जेवाले माह्याआंधी देतो. अजून काय कराचं, सांगा तुमी."

सासू वाईट नव्हती. हे मला फार लवकर कळलं आणि माझी पंचाईत झाली. वाईट असती तर रागवायला सोपं गेलं असतं.

ती बाहेर गेल्यावर मी पोस्टरकडे पाहिलं. त्यावर एक गुटगुटीत बाळ तोंड उघडून दोन थेंबांची वाट बघत होतं. इतके महिने मी त्याच्याकडे पाहत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी ते काढून गुंडाळून ठेवलं. कंपाउंडर दारातून म्हणाला, "मॅडम, वो सरकारी पोस्टर है." मी म्हटलं, "भिंतही सरकारीच आहे, बाहेरच्या बाजूला लावा." त्या दिवशी सून बाकावर जराशी मागं सरकून बसली. बोलली मात्र नाहीच.

आम्हाला पेशंटच्या घरी जाऊन भेटायची मुभा होती, वाहन तेवढं नव्हतं. आठ-पंधरा दिवसांनी मी बसनं त्यांच्या फाट्यावर उतरले आणि चालत गावात गेले. सासू अंगण सारवत होती. मला बघून तिनं शेणाचा हात शेतांच्या दिशेनं केला. "गेली. तिकडं."

मी तिकडं निघाले. धान पोटरीत आलं होतं, बांध्यांत अजून पाणी होतं. धुऱ्याच्या एका अंगाला तुरी लावलेल्या, त्यामुळे चालायला उरलेली जागा एका पावलाची. गोंदियात जन्म गेला माझा, आजोळ खेड्यातलं, पण धुऱ्यावरून चालायची सवय केव्हाच मोडली होती. ती बरीच पुढं होती. मी चपला हातात घेऊन तिला गाठायला गेले, एका खेकड्याच्या बिळात टाच अडकली आणि मी सरळ बांधीत. गुडघ्यापर्यंत चिखल, साडीचं वाटोळं. चिखलात उभी राहून मी मनातल्या मनात खात्याला शिव्या घालत होते, एवढ्यात वर एक हात दिसला. ती मागं आली होती. तिनं मला ओढून वर घेतलं.

"टाचेवर नोका चालू," ती म्हणाली. "पंजानं चाला."

हे तिनं माझ्याशी बोललेले पहिले शब्द. एवढ्या शिक्षणानं जे जमलं नाही ते चिखलात पडून जमलं म्हणून मला हसू येत होतं. ती हसली नाही. वळली आणि पुन्हा चालायला लागली, फक्त आता जरा हळू.

त्यानंतर मी दर आठवड्याला जायला लागले. धुऱ्यावर दोघींना शेजारी चालताच येत नाही. ती पुढं, मी मागं, हेच शक्य असतं. मला तिचा चेहरा दिसायचा नाही. दिसायची ती पाठ, सैल सुटलेला अंबाडा आणि चिखलानं माखलेल्या टाचा. मी त्या टाचाच वाचायला शिकले. मनात काही आलं की तिचा वेग बदलायचा. प्रत्येक बांधीच्या कोपऱ्याला ती थांबायची, पायाच्या पंजानं माती दाबून बघायची आणि पुढं व्हायची. मला वाटलं, सवय असेल.

तिला मागून एवढंच ऐकू यायचं की कुणीतरी येतंय. मला वाटतं, तेवढंच तिला सोसत होतं. एक दिवस ती पुढं बघतच म्हणाली, "तुमी कायले येऊन राहिल्या मांगं मांगं?"

"तू एकटी जातेस म्हणून."

"मी काई फिरत नाई."

"बरं."

आम्ही दोन बांध्या ओलांडल्या. मग ती म्हणाली, "पाहून राहिली."

काय पाहतेस, हा प्रश्न माझ्या अगदी जिभेवर आला होता. तो मी गिळला. माझ्या कामात मी जे काही थोडंफार शिकले त्यातलं सगळ्यात अवघड हे आहे. पुढचा प्रश्न आपल्याला पडलेला असतो, समोरच्याला त्याची गरज असतेच असं नाही. त्या दिवशी मी फाट्यावर येऊन बसची वाट बघत बसले.

पुढच्या खेपेला ती अशाच एका कोपऱ्यावर थांबली. पंजानं माती दाबली. एकदा, पुन्हा एकदा.

"नवी माती कळते," ती म्हणाली. "पोकळ राहते. पन आता एवढं पानी पडलं. बसली असन माती."

मी जागच्या जागी थांबले.

"लवकर आले ते त्याले ठेवून," ती सांगत होती, माझ्याकडे पाठ करूनच. "सासूनं त्याहीच्या आंघोळीले चुलीवर गंजात पानी ठेवलं होतं. पानी तापलंबी नव्हतं तं वापस आले. म्हनजे लांब नाई नेलं. अठीच कुठी हाय. हे समदं पाहून झालं. खालचं राहिलं आता."

गावातले लोक ज्याला 'बाहेरचं लागलं' म्हणत होते, ते हे होतं. ती वेडीवाकडी फिरत नव्हती. एक बांधी संपवून दुसरी घेत होती. बाळंतिणीच्या खोलीत पडून तिनं चुलीवरच्या पाण्यावरून अंतर मोजलं होतं आणि अंगात ताकद आल्या दिवसापासून ती त्या अंतरातली माती पायानं चाचपत होती.

मला रडू आलं. ती पुढं होती म्हणून मला ते लपवावं लागलं नाही.

जरा वेळानं मी विचारलं, "घरी विचारलंस?"

"विचारलं ना. सासू म्हने, गेलं ते गेलं. त्याहीले विचारलं, तं ते उठून बैलाकडं गेले."

त्या दिवशी फाट्यावर मी इतकी भडकलेली होते की एक बस माझ्यासमोरून गेली आणि मी हात केला नाही. माघारी जावं, त्या सासूला आणि नवऱ्याला अंगणात उभं करावं आणि चार शब्द सुनवावेत, असं मनात येत होतं. पण जे मला कळलं होतं ते माझं नव्हतं. धुऱ्यावर तिनं ते माझ्या स्वाधीन केलं होतं, घरच्यांच्या नाही. आमच्या कामात हा एक नियम मी अजून एकदाही मोडलेला नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात तिच्या मागून चालता चालता मी तिलाच विचारलं, "मी घरी बोलू का याबद्दल?"

त्या दिवशी तिनं उत्तर दिलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात, मी विचारायच्या आधीच, म्हणाली, "सांगा. पन माह्यावर कोनी रागावलं नाई पाहिजे." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "त्याहीच्यावरबी तुमी नोका रागावू."

त्या घराच्या सपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, मी दुपारी उन्हं कलताना गेले. सासू बरबटीच्या शेंगा सोलत बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि सोलायला लागले. नवरा गोठ्याच्या खांबाला टेकून होता. म्हातारा सासरा, सुकलेला, कमी बोलणारा माणूस, खांद्यावरचा दुपट्टा मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. सून आत होती, पण दार उघडं होतं.

मी कुणाच्या तोंडाकडे न बघता, शेंगांकडे बघत सांगितलं. ती काय शोधते ते सांगितलं. पाण्याचं सांगितलं. मातीचं सांगितलं. संपल्यावर सासूनं एक लांब श्वास घेतला.

"तिले जागा सांगतली का ती तठीच जाऊन बसन, मॅडम. आईचं दूध उतरते मंग. लेकराचा जीव मातीत अडकते. दुसरं पोटात राहत नाई. म्हनून आईले नाई सांगत आमच्यात."

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"माह्या सासूनं."

हे खरं की खोटं, असा वाद मी घातला नाही. तो घातला असता तर सासू हरली असती किंवा मी, आणि सुनेच्या हाती दोन्हीकडून काही लागलं नसतं. मी म्हटलं, "मावशी, आज तिला जागा माहीत नाही. तरी ती घरात बसते का?"

सासूचे हात थांबले.

"तिला वाटतं, सगळ्याच मातीखाली आहे तो. एक जागा कळली तर बाकीचं रान सुटेल."

"अन् नाई सुटलं तं?"

"तर मी आहे. मी येतच राहीन."

तिनं पुन्हा शेंग हातात घेतली, पण ती सोलली नाही. आणि मग खांबाकडून नवरा बोलला. इतक्या आठवड्यांत मी त्याचा आवाज ऐकला नव्हता.

"मी तठी तुरी नाई लावल्या," तो म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"रोवण्याच्या टायमाले आखा धुरा लावला. तेवढी जागा सोडली. हात नाई झाला. मायनं बजावलं होतं, बोलू नोको म्हनून. नाई बोललो. पन मले दिसते ना, ती कुठी कुठी पाहून राहिली ते. परवा त्याच्या पार जवरून गेली. मी बैल धरून उभा होतो. माह्या तोंडात आलं होतं." तो थांबला. "मले वाटे, सांगतलं तं तिले काई होईन. अन् नाई सांगून तं हे होऊनच राहिलं."

दारात हालचाल झाली. सून उंबऱ्यावर उभी होती. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्याला म्हणाली, "दाखवा."

सासू म्हणाली, "मी नाई येत." आणि शेंगांची टोपली पुढं ओढली.

तिला माहेरी नेऊन सोडायची गोष्ट त्या घरात पुढं कुणी काढली नाही, एवढं इथंच सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव टांगणीला राहायला नको. तिचं शोधत फिरणं त्या दिवशी थांबलं. रडणं त्यानंतर सुरू झालं आणि ते पुष्कळ दिवस चाललं, पण ते घरात, माणसांत बसून. बरं होणं म्हणतात ते असंच असतं, बाहेरून बघणाऱ्याला कधी कधी ते बिघडल्यासारखं दिसतं.

तर आम्ही निघालो. नवरा पुढं, त्याच्या मागं ती, मग म्हातारा आणि शेवटी मी, पंजावर तोल सांभाळत. उन्हं तिरपी झाली होती. थोडं गेल्यावर मागं कुणाचीतरी चाहूल लागली. सासू येत होती. मी तुरींना धरून बाजूला झाले, ती माझ्याकडे न बघता पुढं गेली.

तळ्याच्या अलीकडच्या धुऱ्यावर, पळसाच्या एका झुडपाजवळ नवरा थांबला. तुरींची रांग तिथं तुटली होती आणि हातभर पुढं पुन्हा सुरू झाली होती. मधल्या जागेत नुसतं गवत. त्यानं बोट दाखवलं नाही. तो फक्त थांबला आणि बाजूला सरला.

ती खाली बसली. मला वाटलं होतं, आता ती मोकळ्यानं रडेल, आणि मी त्याच्या तयारीत होते. ती रडली नाही. तिनं गवतावर हात ठेवला, सगळा तळवा, आणि तसाच राहू दिला. मग नवऱ्याकडे न बघता विचारलं, "डोकं कोनत्या बाजूनं हाय?"

"इकडं," तो म्हणाला. "घराकडं."

तिनं हात थोडा सरकवला, घराच्या बाजूला. नवरा तिच्या शेजारी बसला. धुऱ्यावर दोघांना बसण्याएवढी जागा नव्हती, म्हणून तो बांधीच्या पाण्यात पाय सोडून बसला. बऱ्याच वेळानं ती त्याला म्हणाली, "मले वाटलं, तुमी विसरून गेले." त्याचे खांदे हलत होते, आणि मग तिनंच त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी जरा मागं होते. माझं काम तिथं काहीच नव्हतं, आणि काही काम नसलं की मला फार बरं वाटतं. म्हातारा दुपट्टा हातात धरून उभा होता. सासू त्याच्या मागं. ती सुनेकडे बघत होती, त्या गवतावरच्या हाताकडे. मग तिनं म्हाताऱ्याला विचारलं. आवाज नेहमीचाच होता, बैल पाण्यावर नेले का असं विचारावं तसा.

"अन् माही पोरगी कुठी हाय?"

मुलानं मान वर केली. त्याच्या आधी त्या घरात एक मुलगी झाली होती आणि गेली होती, हे त्याला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

मला वाटलं, म्हातारा गोंधळेल. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पण त्याला आठवावंच लागलं नाही.

"तलावाच्या पाळीखाली," तो लगेच म्हणाला. "मोहाच्या बुडाशी. उगवतीच्या बाजूनं."

"मोह तं पडला आता."

"मोह पडला. जागा हाय."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"तू विचारलंच नाई कधी."

"विचारू देत होते का मले कोनी?"

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. त्या दोघांना इतकं सरळ एकमेकांकडे बघताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग त्यानं दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तळ्याकडे जाणारा धुरा धरला. ती त्याच्या मागून निघाली. पदर कमरेला खोचलेला होता तो तिनं सोडला आणि डोक्यावर घेतला.

सवयीनं मीही तिच्या मागून दोन पावलं टाकली. तिनं मागं न पाहता हात हलवला, थांब म्हणून. मी थांबले.